बँक गेली, खांब राहिले

संपादक साहेब, नमस्कार.

मुलाकडे मँचेस्टरला गेलो होतो तेव्हा एका संध्याकाळी स्प्रिंग गार्डन्स भागात जेवायला गेलो, आणि खरं सांगतो जेवणापेक्षा बिल्डिंगच जास्त लक्षात राहिली. ती आधी पार्स बँक होती. १९०२ ची, म्हणजे सातवा एडवर्ड गादीवर होता तेव्हाची. चार्ल्स हीथकोट हा आर्किटेक्ट, किंग स्ट्रीटवरची लॉइड्स बँकपण त्याचीच. बाहेरून लाल वाळूचा दगड, कोपऱ्यावर घुमट, आणि आत संगमरवर इतका की मी वाट बघता बघता खांबाला पाठ टेकवली तर शर्टातून गारवा लागला!

हा सगळा थाट कशासाठी तर त्या काळी बँका बुडायच्या, लोकांना पैसे ठेवायची भीती वाटायची, मग भिंतीच अशा बांधायच्या की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे ही काय हलत नाही. गंमत म्हणजे पार्स नाव काही टिकलं नाही, १९१८ मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झाली, इमारत मात्र उभी. मी गेलो तेव्हा तिथे पास्ता मिळत होता.

आणि आमच्या गावातल्या बँकेच्या जुन्या शाखेचा काळ्या दगडाचा दर्शनी भाग गेल्या वर्षी चकचकीत पत्र्याने झाकला. खालचा दगड निदान फोडला नाही ना, एवढं तरी कोणी बघून सांगा.

- आपला एक वाचक