लघवीतले आयोडीन आणि मधुमेह : आकडा कुठे फसतो

महोदय,

आयोडीन कमी असणाऱ्यांत मधुमेह जास्त आढळतो, अशा बातम्या अधूनमधून छापून येतात. त्यातला निष्कर्ष बहुधा लघवीच्या एकाच नमुन्यावर उभा असतो. तो नमुना काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे वाचकांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून हे पत्र.

पोटात गेलेल्या आयोडीनपैकी सुमारे ९० टक्के लघवीवाटे बाहेर पडते. त्यामुळे पाहणीत दिवसाच्या कोणत्याही वेळी थोडी लघवी घेऊन तिच्यात लिटरमागे किती मायक्रोग्रॅम आयोडीन आहे ते मोजतात. आता दोन प्रौढ घ्या. दोघांच्या पोटात रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन जाते, म्हणजे गरजेइतके. दोघांच्या लघवीतून दिवसाला १३५ बाहेर पडते. एकाला दीड लिटर लघवी होते, त्याचा आकडा ९०. दुसऱ्याची साखर आटोक्यात नाही, त्याला तीन लिटर होते, त्याचा आकडा ४५. आयोडीन तेवढेच, पाणी दुप्पट. तक्त्यात मात्र हा मधुमेही आयोडीन कमी असलेल्यांच्या रकान्यात जाऊन बसतो. असे शेकडो जण त्या रकान्यात जमले, की आयोडीन कमी पडल्याने मधुमेह होतो असे वाटू लागते. इथे घडले आहे नेमके उलटे. साखर वाढली म्हणून लघवी वाढली आणि लघवी वाढली म्हणून आयोडीन पातळ झाले.

आहारातले आयोडीन काढण्याचे रूढ सूत्र (लिटरमागचा आकडा × ०.०२३५ × किलोतले वजन) इथे कामाला येत नाही, कारण वजनावरून लघवी किती होणार हे त्यात आधीच धरलेले असते. वरचा मधुमेही ६० किलोचा असेल तर उत्तर येते ६३. प्रत्यक्षात तो १५० घेतो आहे. लघवीतल्या क्रिएटिनिनने (स्नायूंतून तयार होऊन लघवीवाटे बाहेर पडणारा पदार्थ) भागले की पाण्याचा फरक बराचसा निघतो, पण कृश आणि वयस्क माणसांत क्रिएटिनिनच कमी असते आणि त्यांचे आयोडीन उगाच जास्त दिसते. चोवीस तासांची लघवी साठवणे सर्वांत चांगले. पहिल्या सकाळची पहिली लघवी टाकायची, दुसऱ्या सकाळची पहिली धरायची. मधली एक वेळ जरी हुकली तरी हिशेब खाली येतो.

दुसऱ्या टोकालाही गफलत होते. मधुमेहींत हृदयविकार जास्त आणि हृदयाच्या ठोक्यांसाठी दिल्या जाणाऱ्या अमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या ५०० पट. अँजिओग्राफीच्या औषधातही आयोडीन असते. अशांना पाहणीतून वगळलेच पाहिजे. थायरॉइडचे (आयोडीन वापरणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथीचे) काम मंदावले असेल तर रक्तातली साखर तेवढीच असूनही एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेले दिसू शकते, तेव्हा मधुमेह केवळ त्या एका तपासणीवरून ठरवू नये.

जागतिक आरोग्य संघटनेची लिटरमागे १०० ते १९९ मायक्रोग्रॅम ही पुरेशा आयोडीनची मर्यादा सगळ्या समूहाच्या मध्यकासाठी (सर्व आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्यासाठी) आहे. मध्यक ९५ आला म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांत आयोडीनची कमतरता आहे, असे लिहिणे सरळ चूक. एका माणसाबद्दल बोलायचे तर वेगवेगळ्या दिवसांचे साधारण १० नमुने लागतात.

आयोडीन आणि आजाराचा संबंध कसा तपासावा याचे उत्तम उदाहरण चीनमधले आहे, मधुमेहाचे नसून थायरॉइडच्या आजाराचे असले तरी. पानशान, झांगवू आणि हुआंगहुआ या तीन भागांत लघवीतल्या आयोडीनचा मध्यक अनुक्रमे ८४, २४३ आणि ६५१ होता. तिथल्या लोकांवर पाच वर्षे लक्ष ठेवले गेले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ऑटोइम्यून थायरॉइडायटिसचे (शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे थायरॉइडला येणाऱ्या सुजेचे) नवे रुग्ण अनुक्रमे ०.२, १.० आणि १.३ टक्के निघाले. आधी आयोडीन मोजले, आजार नंतर पाहिला. एकदाच केलेल्या पाहणीला हे जमत नाही.

आमची विनंती एवढीच, की अशा बातमीत नमुने किती वेळा घेतले, लघवीच्या प्रमाणाचा विचार केला का आणि पाहणी एकदाच झाली की लोकांचा पाठपुरावा केला, या तीन गोष्टी छापाव्यात. असल्या बातमीवरून कोणी आयोडीनयुक्त मीठ बंद करू नये किंवा आयोडीनच्या गोळ्या सुरू करू नयेत, हेही सोबत छापावे. गरोदर स्त्रियांना तर दिवसाला २५० मायक्रोग्रॅम लागतात.

आपले,
आरोग्य पाहणीच्या कामातले काही वाचक