तिजोरी एक, नियम दोन

महोदय,

इंग्लंडने आरोग्यसेवा आणि वृद्धांच्या देखभालीचा पैसा एकत्र करून प्रश्न मिटवला, तसा सामाईक निधी आपणही उभारावा, अशा सुराचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. तिथल्या एका कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, प्रौढसेवा विभागात मी बरीच वर्षं नोकरी केली आहे. प्रश्न मिटला म्हणणं फारच झालं.

दुखणं जुनं आहे. ५ जुलै १९४८ रोजी एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली, उपचार सर्वांना मोफत झाले. त्याच दिवशी लागू झालेल्या दुसऱ्या कायद्याने म्हाताऱ्या आणि अपंग माणसांची देखभाल कौन्सिलांकडे सोपवली. तिचे पैसे मात्र ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे. आंघोळीचंच घ्या. पायावरच्या जखमेसाठी आंघोळ घालायची तर ती एनएचएसच्या नर्सने, नुसतं अंग धुवायचं तर कौन्सिलच्या केअररने. अमुक आजींची आंघोळ ‘वैद्यकीय’ की ‘सामाजिक’, यावर शिकलीसवरली माणसं बैठकीत तावातावाने भांडताना मी पाहिली आहेत. आजी तोवर पारोशाच!

कौन्सिलने देखभालीची सोय वेळेत न केल्याने रुग्णालयातली खाट अडली तर तिने दिवसाला १०० पौंड भरावेत, लंडन आणि परिसरात १२०, अशी तरतूद २००३ च्या कायद्याने केली. आमच्याकडे मग सकाळ जायची ती खाट नेमकी कोणाच्या खात्यावर मांडायची या वादात.

निधी एकत्र करायची वाट कायद्याने १९९९ पासूनच मोकळी आहे. आज ती २००६ च्या एनएचएस कायद्याच्या कलम ७५ मध्ये सापडते. लेखात गौरवलेला ‘बेटर केअर फंड’, म्हणजे आरोग्य आणि देखभालीचा सामाईक निधी, एप्रिल २०१५ मध्ये आला, पहिल्या वर्षी ५.३ अब्ज पौंडांचा. आकडा भरघोस, पण बहुतेक पैसा आधीच्याच बजेटांतून वळवलेला. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा फेब्रुवारी २०१७ चा अहवाल लेखकाने चाळला असता तर बरं झालं असतं. त्या पहिल्या वर्षात तातडीने दाखल होणारे रुग्ण १ लाख ६ हजारांनी घटवायचे ठरले होते. ते ८७ हजारांनी वाढले.

म्हणून पैसा एकत्र करूच नये असं मी म्हणत नाही. डेव्हनच्या किनाऱ्यावरच्या टॉर्बेमध्ये २००५ साली आरोग्य आणि देखभाल एकाच संस्थेखाली आली. तिथल्या लोकांनी ‘मिसेस स्मिथ’ नावाची एक काल्पनिक म्हातारी उभी केली आणि प्रत्येक बदल तिला सोयीचा पडेल का, हे आधी विचारलं. नर्स, समाजसेवक, फिजिओथेरपिस्ट यांची भागवार पथकं केली. घरच्यांनी फोन करायचा तो एकाच समन्वयकाला. खर्च कोणत्या बजेटातून, हा वाद घरापर्यंत पोचूच दिला नाही. माझ्या मते यश मिळालं ते याच व्यवस्थेमुळे. नुसत्या सामाईक खात्याने ते मिळालं नसतं.

आणि एक गाठ तर सामाईक खात्याने कुठेच सुटलेली नाही. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांहून अधिक बचत-मालमत्ता असेल तर देखभालीचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा. ही मर्यादा २०१० पासून जागची हललेली नाही. कर्करोगाचे उपचार मोफत, स्मृतिभ्रंश झालेल्याला वृद्धाश्रमाच्या बिलासाठी घर विकायची पाळी. एका माणसाने आयुष्यभरात किती भरायचं, याला ८६ हजार पौंडांचा आळा घालणारी योजना ऑक्टोबर २०२५ पासून येणार होती. जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने तीही गुंडाळली.

लेखकाने सुचवलेला सामाईक निधी कोणी खरोखरच मनावर घेतला, तर पत्रकारांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी विचाराव्यात: रुग्णाच्या खाटेशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला किती रकमेपर्यंत सही करता येईल, आणि रुग्ण घरी गेल्यावर बिल कोणाच्या नावाने फाटेल?

आपला,
एक निवृत्त वाचक