बैठकीत गप्प राहणाऱ्या मुलास

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू जे सांगितलेस ते मनातून जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे. ज्या अहवालातील आकडा न् आकडा तू स्वतः तपासला होतास, त्याच अहवालाविषयी बैठकीत प्रश्न आला. उत्तर तुला ठाऊक होते, तरीही "येस, इट इज फाइन" एवढेच म्हणून तू थांबलास आणि पुढचे स्पष्टीकरण दुसऱ्याच सहकाऱ्याने दिले. त्यावरून तू असा निष्कर्ष काढलास की आपले इंग्रजीच कच्चे आहे आणि आता व्याकरण पुन्हा पहिल्यापासून करायला हवे. हा निष्कर्ष मला मुळीच पटत नाही. तू रोज इंग्रजीत ईमेल लिहितोस, लांबलचक दस्तऐवज वाचून त्यातील विसंगती दाखवतोस, इतरांची भाषणे ऐकून त्यांचा आशय नेमका सांगतोस. ज्याला भाषा येत नाही त्याला यातले काहीच जमत नाही. तुझ्यापाशी भाषा आहे, पण ऐन वेळी ती तुझ्या जिभेवर येत नाही. ती का येत नाही हे समजून न घेता आणखी एक वर्ग लावणे म्हणजे बोलण्याचा दिवस पुढे ढकलणे होय.

मी आजवर भाषा शिकवण्याचेच काम केले असल्यामुळे, तोंडाला कुलूप लागलेली हुशार मुले जवळून पाहिली आहेत. त्यांच्या बाबतीत नेमके काय घडते ते तुला सांगते. विलेम लेव्हेल्ट या मानसभाषाशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये बोलण्याच्या क्रियेचे टप्पे मांडले. आधी काय सांगायचे ते ठरते, मग त्यासाठी शब्द आणि रचना जुळते, मग उच्चार होतो आणि हे सगळे चालू असताना माणूस स्वतःचे बोलणे ऐकून तपासतही असतो. मातृभाषेत हे सेकंदाला दोन-तीन शब्दांच्या वेगाने सहज घडते, कारण काय सांगायचे एवढे ठरले की पुढचे बहुतेक आपोआप होते. दुसऱ्या भाषेत मात्र शब्द आणि रचना जुळवण्याकडेही लक्ष द्यावे लागते, आणि माणसाचे लक्ष तर मोजकेच असते. अशा वेळी "मी चुकलो का, तो का हसला, साहेबांना काय वाटले असेल" असा पहारा मनात सुरू झाला, की शब्द शोधायला लागणारे लक्ष तो पहाराच खाऊन टाकतो. मग रोजच्या वापरातला शब्दही ओठांवर येऊन अडतो, आणि बैठक संपवून जिना उतरताना संपूर्ण वाक्य बिनचूक आठवते. जिन्यावर आठवलेले ते वाक्य बैठकीतही तुझ्यापाशी होतेच. फक्त तेव्हा त्याच्याकडे बघायला तुला सवड नव्हती.

ही तुझ्या एकट्याची दुर्बलता आहे असेही समजू नकोस. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये परक्या भाषेच्या वर्गातील भीतीचा स्वतंत्र अभ्यास मांडला आणि ती मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली. इतरांशी बोलण्याचा संकोच, परीक्षेची धास्ती आणि लोक आपल्याला कमी लेखतील ही शंका, या तीन गोष्टींशी त्यांनी या भीतीचे नाते जोडले. तुझ्या बाबतीत तिसरीच गोष्ट प्रबळ आहे असे मला वाटते. आपण मनातून किती अवघडलेले आहोत ते आपल्याला जाणवते, आणि समोरच्यालाही ते तितकेच दिसत असेल असे आपण गृहीत धरतो. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एका गायकाचे चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवले होते. खोलीतील जवळजवळ निम्म्या लोकांनी आपला टी-शर्ट पाहिला असेल असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात साधारण चौथा हिस्सा लोकांनीच तो पाहिला होता. तुझ्या वाक्यात एखादे क्रियापद चुकते तेव्हा बैठकीतील बहुतेक माणसे आकड्यांचा, मुदतीचा किंवा स्वतःच्या बोलण्याची पाळी कधी येते याचा विचार करीत असतात.

तरीही कोणी कधीच हसत नाही असे मी म्हणणार नाही. काही माणसे हसतात, आणि काही वरिष्ठ उच्चारांवरून माणसाची योग्यता ठरवतात. ते अन्यायाचे आहे आणि त्याचा राग येणे योग्यच आहे. परंतु अशा एका-दोघांच्या धाकाने उरलेल्या सर्वांशी अबोला धरणे तुला परवडणारे नाही, कारण तुझे काम त्या उरलेल्यांशीच आहे. उच्चारांविषयी तर तू नाहक कष्टी होतोस. भाषेचे अभ्यासक मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की बोलण्यात परका सूर ठळकपणे जाणवत असूनही ते बोलणे पूर्णपणे समजू शकते. सूर ही एक गोष्ट आणि सुबोधता ही दुसरी. म्हणून दुसऱ्या कुणाचा सूर उसना घेऊ नकोस. त्याऐवजी शब्दातील आघाताकडे लक्ष दे, कारण मराठीत आघाताने सहसा अर्थ बदलत नाही, पण इंग्रजी ऐकणारा माणूस त्याच्याच आधाराने शब्द ओळखतो. 'डेव्हलपमेंट' या शब्दाचा इंग्रजी उच्चार 'डिव्हेलपमेंट'सारखा होतो आणि त्यात जोर 'व्हे'वर येतो. तुझ्या कामात वारंवार येणाऱ्या शब्दांचे आघात शब्दकोशात पाहून एकदा मोठ्याने म्हणून ठेव. एवढे पुरे आहे.

आता तू अडतोस कुठे ते पाहू, कारण माझ्या मते खरी मेख येथेच आहे. तू मनात मराठी वाक्य पूर्ण करतोस आणि मग ते इंग्रजीत उलटवायला बसतोस. "काल आलेल्या फाइलमधील तीन आकडे चुकीचे असल्यामुळे अहवालाला एक दिवस उशीर होईल," हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे. आपण आधी कारण सांगतो आणि क्रियापद शेवटी ठेवतो. तेच वाक्य त्याच क्रमाने इंग्रजीत नेऊ लागलास तर कारणाच्या गुंत्यातच दम संपतो, आणि ज्यासाठी सगळे कान टवकारून बसले आहेत ती उशिराची गोष्ट तोंडातून बाहेरच पडत नाही. मग ततपप होते. त्याऐवजी निष्कर्ष आधी सांग आणि वाक्य तेथेच संपव: "द रिपोर्ट विल बी लेट बाय अ डे." श्वास घे. मग दुसरे वाक्य: "थ्री फिगर्स इन द फाइल वेअर राँग." ही दोन छोटी वाक्ये तुला आजही येतात, आणि कामाच्या जागी ऐकणाऱ्यालाही तीच हवी असतात. "इंग्रजीतूनच विचार कर" असा सल्ला तुला पुष्कळ जण देतील. तो ठरवून अंमलात आणता येत नाही. सतत बोलत राहिल्याने पुढे कधीतरी तसे घडू लागते, म्हणून त्याची चिंता आता करू नकोस.

विचार करायला वेळ मागणे यात कमीपणा नाही, हेही ध्यानात ठेव. "लेट मी चेक अँड गेट बॅक टु यू", "कुड यू से दॅट अगेन?", "व्हॉट आय मीन इज" अशी वाक्ये झोपेतून उठवले तरी म्हणता येतील इतकी तोंडी बसव. ती बोलताना शब्द जुळवावे लागत नाहीत, त्यामुळे तेवढ्या अवधीत मन पुढचे वाक्य तयार करू शकते. अडखळण्याची लाज कमी व्हावी म्हणून एक गोष्ट अवश्य करून पाहा. एखाद्या मित्राशी मराठीत गप्पा मारताना, त्याला सांगून, काही मिनिटांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित कर आणि नंतर लक्षपूर्वक ऐक. अर्धवट सोडलेली वाक्ये, 'म्हणजे' आणि 'अं' यांची पखरण, मध्येच बदललेला कर्ता, हे सगळे त्यात सापडेल. मराठीत तू हे अडखळणे कधी मोजत नाहीस. इंग्रजीत मात्र स्वतःकडून छापील वाक्यांची अपेक्षा करतोस, आणि ती अपेक्षा ठेवली तर इंग्रजी हीच मातृभाषा असलेला माणूसही तिच्यात नापास होईल.

सरावासाठी एक पद्धत मला फार उपयोगी वाटते. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी १९८९ मध्ये तिच्याविषयी लिहिले होते. एकच विषय घ्यायचा. तो आधी चार मिनिटांत एका श्रोत्याला सांगायचा, मग तीन मिनिटांत दुसऱ्याला आणि शेवटी दोन मिनिटांत तिसऱ्याला. आशय तोच राहिल्याने काय सांगायचे हा भार दुसऱ्या खेपेपासून हलका होतो, शब्द आधीच वापरून झालेले असतात, आणि वेळ कमी होत गेल्याने मनातल्या पहाऱ्याला फुरसत मिळत नाही. विषय तुझ्याच कामातला घे: या आठवड्यात काय झाले, कुठे अडले, पुढे काय करायचे आहे. श्रोता नसेल तर एकट्याने बोल, पण मोठ्याने बोल. मनातल्या मनात बोललेल्या वाक्याचा जिभेला उपयोग होत नाही. चुकांची नोंद बोलून झाल्यावर कर, तीही एकाच प्रकारच्या चुकीची, आणि बोलत असताना स्वतःला अजिबात दुरुस्त करू नकोस.

बैठकीच्या बाबतीत माझे एवढेच मागणे आहे की तू पहिल्या काही मिनिटांत एकदा तरी तोंड उघड. अवघड प्रश्न येईपर्यंत गप्प बसलास तर गप्प बसण्याचीच सवय वाढत जाते आणि पहिले वाक्य डोंगराएवढे होऊन बसते. म्हणून सुरुवातीलाच एखादा साधा प्रश्न विचार, कुणाच्या म्हणण्याला दुजोरा दे, किंवा तारीख पुन्हा विचारून घे. एक मुद्दा आदल्या दिवशी ठरवून, मोठ्याने म्हणून, मगच बैठकीला जा. एखाद्या दिवशी जमणार नाही; त्या दिवसाचा हिशेब रात्री उशीखाली घेऊन झोपू नकोस.

येत्या रविवारी फोन करशील तेव्हा तुझ्या नव्या कामाविषयी मला चार मिनिटे इंग्रजीतून सांग. मी मध्ये बोलणार नाही आणि चुकाही काढणार नाही. मग तेच बाबांना तीन मिनिटांत आणि ताईला दोन मिनिटांत सांग. त्या दोघांनाही मी तसे कळवून ठेवले आहे. प्रकृतीची काळजी घे.

तुझी,
आई