मालकाचा मुलगा आणि बागेतला गडी

महोदय,

थंडी पडून आंब्याची कलमं मोहरायला लागली, की नेपाळी कामगारांची पोलीस ठाण्यात नोंद करण्याच्या सूचना सुरू होतात. नोंद हवीच, माझ्या बागेतल्या गड्यांची मीही करते. पण आपला त्यांच्याशी संबंध एवढ्यावरच संपतो का, हे कॉलेजात समाजशास्त्र शिकवताना मला सारखं टोचतं.

रत्नागिरीत बागेची राखण, फवारणी, आंबे उतरवणं, मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवरची खलाशाची कामं, सगळीकडे नेपाळातल्या अछाम, डोटी, कैलाली जिल्ह्यांकडची माणसं आहेत. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही. माझ्या वर्गात बागायतदारांची मुलं पुष्कळ. घरच्या राखणदाराचं नाव विचारलं, तर बहुतेकांना सांगता येईना. सगळे ‘बहादूर’. त्याचा चहाचा कप वेगळा ठेवलेला पाहतच जे पोर वाढलं, ते त्याच्याशी बोलणार तरी काय?

गडी राहतात त्या बागेतल्या मांगरापर्यंत जाऊन गप्पा मारणाऱ्या दोघी आहेत, आणि त्यांच्या घरी बागच नाही. एकीचा भाऊ कुवेतला आहे, दुसरीचे आजोबा परळला गावकीच्या, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोलीत राहून गिरणीत राबले. तीच एकदा कामगाराच्या मुलीला शाळेत घालायला सोबत गेली. जन्मदाखल्यावरून अडलं, तेव्हा तिने शिक्षण हक्क कायद्याचं कलम 14 दाखवलं: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. (हे मी शिकवलेलं नव्हे, तिने मोबाइलवर शोधलं.)

‘हे लोक आमची कामं पळवतात’, असं एक मुलगा ठासून म्हणाला. रात्री डोंगरात राखणीला झोपशील का, विचारल्यावर म्हणाला, मजुरी वाढवा, येतो. त्याचं हे म्हणणं खरं आहे. फक्त ते नेपाळ्यांना नव्हे, आम्हा बागायतदारांना ऐकवायला हवं.

राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरं आता जवळ आली आहेत. एखादं बागांच्या वाडीत घ्या. मुलांच्या हाती सर्वेक्षणाचे फॉर्म देऊ नका. दाखले, शाळाप्रवेश, दवाखाना अशा कामांना त्यांना सोबत पाठवा. आणि बागायतदारांच्या मुलांना दुसऱ्याच्या बागेत धाडा. स्वतःच्या गड्यासमोर ती मालकाचीच मुलं राहतात.

– एक प्राध्यापिका व बागायतदार, रत्नागिरी