मावशी, तुमच्या वहीतल्या पोरांकडून

मावशी, जय येशू.

तुम्ही नाशिकला लेकीकडे राहायला गेलात आणि जाताना सगळ्यांना दम भरून गेलात की निरोप समारंभ नको, शाल-श्रीफळ नको, फादरांनी मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) माइकवर दोन शब्द पण बोलायचे नाहीत. ते आम्ही पाळलं. पण ऑनलाइन लिहायचं नाही असं काही तुम्ही म्हणाला नव्हतात, मग मी लिहितेय, आणि मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण पुण्यातल्या खडकी-बोपोडीची आमची पोरं सोडली तर तुम्ही काय केलंत ते चर्चमधल्या निम्म्या लोकांना माहीतच नाही. त्यांच्यासाठी तुम्ही म्हणजे ससून हॉस्पिटलमधून रिटायर झालेल्या, आजाऱ्यांना घरी कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) नेणाऱ्या नर्सबाई, बस.

आधी आमच्याकडे यूथ (चर्चचा तरुणांचा ग्रुप) म्हणजे काय होतं? खुर्च्या. सणाला खुर्च्या लावा, सण संपला की खुर्च्या उचला, डिसेंबरात येशूजन्माचा गोठा बांधा, नाताळच्या प्रोग्रामला डान्स बसवा, आणि मग जानेवारीपासून आम्ही कोणाला आठवायचोच नाही. वरून तक्रार असायची की आजकालची पोरं चर्चला येत नाहीत. अरे पण येऊन करायचं काय, मागे उभं राहून मोबाइल बघायचा? तुम्ही पहिल्यांदा मीटिंगला बसलात तेव्हा आम्हाला वाटलं आता प्रवचन होणार. तुम्ही एक दोनशे पानी वही काढलीत आणि एकेकाला विचारलंत, तुला काय येतं. कमिटीत येशील का, असं विचारलं नाहीत. काय येतं ते विचारलंत! कोणी म्हणालं स्कूटर चालवता येते, कोणी म्हणालं टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) येतं, एक जण लाजत लाजत म्हणाला घरी तमिळ बोलतो, आणि तुम्ही सगळं लिहून घेतलंत, नावापुढे पदं नाहीत, नुसती येणारी कामं. त्या तमिळवाल्याला पुढच्याच रविवारी काम मिळालं. दापोडीत एक आजी होत्या, वय झाल्यावर मराठी विसरत चाललेल्या, घरातली नातवंडं मराठी-इंग्लिशवाली, त्यांच्याशी कोणी धड बोलतच नव्हतं. तो आता दर आठवड्याला जातो, आणि आजी त्याला रागावतात सुद्धा, त्याचं तमिळ अगदी पुण्याचं आहे म्हणून.

मला स्वतःला सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय ते नोव्हेंबरचं काम. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सगळा धर्मग्राम (चर्चची सगळी मंडळी) कबरस्तानात असतो, कबरी धुवायच्या, फुलं ठेवायची, मेणबत्त्या लावायच्या. तिथेच उभं राहून तुम्ही म्हणालात, मेलेल्यांच्या कबरी धुवायला एवढे जण येतात, आणि जिवंत असलेल्या म्हाताऱ्याला मी जिवंत आहे असं बँकेत सांगायला जायचं असतं तेव्हा सोबत एक पोरगं मिळत नाही. आमच्याकडे पेन्शनर किती, ॲम्युनिशन फॅक्टरीतले, रेल्वेतले, मिलिटरीतले, आणि केंद्र सरकारच्या पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावाच लागतो, नाहीतर पेन्शन अडकते. 80 च्या पुढच्यांना 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो, हे आम्हाला तुम्ही सांगितलंत, ज्यांना द्यायचा त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. 2014 पासून जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला, ऑनलाइन आहे, पण आयुष्यभर मशीनवर हात झिजवलेल्या माणसाचा अंगठा त्या यंत्रावर उमटतच नाही, तो बिचारा तीनतीनदा पुसून ठेवतो आणि मागे लाइन वाढत जाते. आता फोनच्या कॅमेऱ्यावर चेहरा दाखवून होतं. दोन ॲप लागतात, जीवन प्रमाणचं आणि आधार फेस आरडी, आणि हाताशी आधार, पीपीओ नंबर (पेन्शन ऑर्डरचा), बँकेचा खाते नंबर, आणि मोबाइल नंबर, बस. म्हणजे जे काम आम्ही पोरं खाटेवर पडलेल्या माणसाच्या शेजारी बसून, त्याला उजेडाकडे तोंड करायला सांगून, चहा निवायच्या आत करू शकतो त्यासाठी तो माणूस रिक्षा करून बँकेत जात होता. ईपीएफवाल्यांचं (पीएफची पेन्शन घेणाऱ्यांचं) वेगळं, त्यांचा दाखला दिला त्या तारखेपासून वर्षभर चालतो, म्हणून त्यांची यादी वेगळ्या पानावर, महिन्यांप्रमाणे. ही यादी आता आमच्याकडे शीटमध्ये आहे पण तुमची वही पण ठेवलीय, कारण कोणाच्या घरी दार उशिरा उघडतात आणि कोणाला उजव्या कानाने ऐकू येत नाही हे शीटमध्ये कोणी भरत नाही.

घरी जायचे तुमचे नियम आम्हाला तोंडपाठ आहेत. एकट्याने जायचं नाही, दोघांनी जायचं, प्रभूने पण शिष्यांना दोघं दोघं करून पाठवलं होतं, आणि घरात एकटा म्हातारा माणूस असेल तर त्याच्याही सेफ्टीसाठी तेच बरं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने गुपचूप बघायचं, गोळ्यांची पाकिटं संपत आलीत का, पिण्याचं पाणी हाताशी आहे का. पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही. डॉक्टर काय म्हणाले हे आपण विचारायचं नाही, ते सांगतील तेव्हा ऐकायचं. फोटो काढायचा नाही, कोणाला काय दिलं ते ग्रुपवर टाकायचं नाही. (ह्या शेवटच्या नियमावरून यूथमध्ये केवढं भांडण झालं होतं, रील्स बनवल्या तर डोनेशन येईल असं काहींचं म्हणणं, आणि तुम्ही म्हणालात की मग डोनेशन घ्या आणि माझी वही परत द्या.) कम्युनियन घेऊन निघालो की तर अजून कडक, ती कम्युनियनची छोटी डबी तुमच्या गळ्यात, आणि आम्ही सोबत असलो तरी रस्त्यात कोणी भेटलं तर हसून पुढे, गप्पा नाहीत, दुकान नाही, थेट घर. तिथे आधीच कोणीतरी टेबलावर पांढरा कपडा, क्रूस आणि मेणबत्ती ठेवलेली असायची. आणि परत येताना मात्र बोपोडीच्या सिग्नलजवळ वडापाव, तो पण तुमच्याच पैशाने.

वाचकांचं काम पण तुम्हीच सरळ केलंत. पूर्वी मिस्सा सुरू व्हायच्या दोन मिनिटं आधी सॅक्रिस्टीतून (फादरांच्या तयारीच्या खोलीतून) कोणीतरी बाहेर डोकावायचं आणि समोर दिसेल त्या पोराच्या हातात बायबलमधलं पहिलं वाचन. मग थेस्सलनीकाकरांस म्हणताना जीभ अडकायची आणि मागच्या बाकांवर हसू. तुम्ही महिन्याची यादी लावलीत, शनिवारी संध्याकाळी रिकाम्या चर्चमध्ये उभं करून वाचून घ्यायला लागलात, तुम्ही मुद्दाम शेवटच्या बाकावर. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने फिरतात, म्हणून तुमचं एकच वाक्य असायचं, आज वाचलंस ते परत तीन वर्षांनी येणार, लोकांना तोपर्यंत पुरलं पाहिजे. आणि मुलींना पण सारखंच काम. एका काकांनी कुरकुर केली तेव्हा तुम्ही शांतपणे सांगितलंत की वेदीसेवा (मिस्सात फादरांना मदत) मुलींना 1994 पासून खुली आहे आणि 2021 मध्ये पोप फ्रान्सिसनी वाचक आणि वेदीसेवक ही पदंसुद्धा स्त्रियांना रीतसर खुली केली. काका गप्प.

आम्ही लहान आहोत, आम्हाला कोण विचारतंय, असं रडगाणं कोणी लावलं की तुमचा फ्रेडरिक ओझानाम ठरलेला. 1833, पॅरिस, वय 20, कॉलेजचा पोरगा, आणि त्याने मित्रांबरोबर सुरू केलेली, गरिबांना मदत करणारी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आज जगभर आहे. सध्या सगळीकडे कार्लो अकुतिस ह्या किशोर संताचे फोटो आणि त्याची वेबसाइट, ते छानच आहे, पण तुम्हाला त्याच्याबरोबर त्याच दिवशी, 7 सप्टेंबर 2025 ला, संत झालेला पिएर जॉर्जो फ्रसाती जास्त आवडायचा. तुरीनचा श्रीमंत घरातला, गरिबांना गुपचूप मदत करणारा इंजिनिअरिंगचा मुलगा, 1925 मध्ये 24 व्या वर्षी पोलिओने गेला, आणि अंत्यविधीला रस्त्यावर गरिबांची एवढी गर्दी, घरच्यांना कळेना हे लोक ह्याला ओळखतात कुठून. मला वाटतं तुम्हाला तो आवडायचा कारण त्याने घरी पण सांगितलं नव्हतं.

रक्तदान शिबिर तुम्ही नाताळातून उचलून मे महिन्यात नेलंत, त्याबद्दल पण थँक यू. कॉलेजं बंद, लोक गावाला, रक्तपेढ्यांत टंचाई तेव्हाच असते, आणि ते नर्सलाच सुचणार. आणि जूनमधल्या वह्या-युनिफॉर्मचं पण सांगायचं होतं, आता खराडी-हिंजवडीला नोकरी लागलेले आपलेच जुने मेंबर पगारातून देतात, हिशोब टॅलीवाली ठेवते, एक रुपया इकडचा तिकडे होत नाही, तुम्ही तिला रुपयावरून छळलं होतंत त्याचा परिणाम.

सगळं मस्त चाललंय असं मात्र नाही. परीक्षा आल्या की जोड्या मोडतात, दोघं नोकरीसाठी बंगलोरला गेले, आणि मीटिंगला अजूनही कोणीतरी म्हणतंच की यूथला सांगा खुर्च्या लावायला. लावतो पण आम्ही. पण वहीतलं एकही घर सुटलेलं नाही, म्हणजे अजून तरी. फक्त औंध रोडच्या त्या नव्या सोसायटीचा वॉचमन आम्हाला आत सोडत नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा फोन बंद असतो आणि खालून हाक मारली तर वॉचमन ओरडतो. तुम्ही गेलात की तर गेट आपोआप उघडायचं. त्याला काय सांगायचात ते जरा व्हॉइस मेसेज करून कळवा, रविवारच्या आत.