सूचना : रविवारची बैठक, वही विसरू नका

सर्व मेंढपाळ सभासदांना,

रविवारी सकाळी 9 वाजता नेहमीच्या जागी बैठक आहे. येताना विताची वही आणा. मेंढीचा बिल्ला नंबर, व्यायल्याची तारीख, कोकरं किती आणि त्यांचं वजन एवढं तरी लिहिलेलं हवं. "अंदाजे चार किलो" चालणार नाही, मागच्या वेळी निम्म्या वह्यांत तेच होतं.

या वेळी हेलन न्यूटन टर्नर यांच्या कामाबद्दल बोलू. जन्म 1908, सिडनी. शिक्षण वास्तुकलेचं (आर्किटेक्चर), पण मंदीत काम मिळेना म्हणून पशुसंशोधनाच्या प्रयोगशाळेत सेक्रेटरी झाल्या. तिथे आकडेमोडीची गोडी लागली आणि पुढे त्याच सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेत मेंढी पैदास संशोधनाच्या प्रमुख झाल्या! मेंढा नुसता डोळ्यांनी पारखू नका, मोजा, हा त्यांचा आग्रह. आपल्या जुन्या जाणत्यांना पटणार नाही, वाद होऊ द्या.

बूरूला मेरिनो या जास्त कोकरं देणाऱ्या मेंढ्यांवरही त्यांनी काम केलं. जास्त कोकरं ज्या जनुकामुळे होतात, तो एफईसीबी बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ मेंढीतही आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोळ वापरून तोच आपल्या दख्खनी मेंढीत आणला, त्यातून जुळं देणारी 'सुवर्णा' तयार झाली.

जुळ्यांना दूध पुरतं का, हा प्रश्न ज्यांचा आहे त्यांनी आधी बोलावं. पैदाशीसाठी मेंढे सोडायचं वेळापत्रक त्यानंतर ठरेल.

– सचिव