हनोईचं काय करू, शुभा?

सांगली,
१२ एप्रिल २०२५

प्रिय शुभा,

फोनवर हे बोलणं जमेना म्हणून लिहितेय. घरात बोललं की आईच्या कानावर जातं आणि गच्चीवर जावं तर दुपारी पाय भाजतात. आज हनुमान जयंती, आई देवळात गेलीय, तेवढ्यात उरकते.

विषय एकच. जून ते ऑगस्ट व्हिएतनाममध्ये, हनोईला जाऊन लहान मुलांना इंग्रजी शिकवायचं का? तू म्हणालीस, 'आधी जाऊन ये, मग विचार कर.' तुला पुण्यात बसून म्हणायला काय जातंय!

तिकडच्या शाळा मेच्या शेवटी बंद होतात त्या थेट ५ सप्टेंबरला उघडतात. एवढी मोठी सुट्टी, आईबाप दोघंही नोकरीवर, मग पोरांना इंग्रजीच्या सेंटरमध्ये घालतात. आपल्याकडच्या व्हेकेशन बॅचचाच प्रकार, फक्त सकाळपासून संध्याकाळपर्यंत, जेवण आणि दुपारच्या झोपेसकट. शिवाय गेल्या वर्षी त्यांच्या कम्युनिस्ट पक्षानं ठरवलं की शाळांमध्ये इंग्रजीला हळूहळू दुसऱ्या भाषेचं स्थान द्यायचं. त्यामुळे बाहेरचे शिक्षक त्यांना हवेच आहेत. माझं सेंटर मध्यम आकाराचं आहे, वर्गात सोबत एक व्हिएतनामी मदतनीस असते, आठवड्याला बावीस तास शिकवणं. पगार महिन्याला अडीच कोटी. दचकू नकोस, डोंग आहेत! एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग पडतात, म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी हजार धर. खोलीभाडं आपलं आपण.

इथलं तुला माहीतच आहे. कॉलेजात तासिका तत्त्वावर असल्यानं सत्र संपलं की नेमणूकही संपते. मे-जूनमध्ये हातात काही नाही. जुलैत पुन्हा जाहिरात, पुन्हा तीच फाईल काखेत मारून मुलाखत, पुन्हा तेच सर तेच विचारणार, 'मॅडम, सेट झालीय ना?' गेल्या वर्षीही झाली होती सर, ती पात्रता परीक्षा दरवर्षी पास व्हावी लागत नाही. उन्हाळ्यात विश्रामबागेतल्या क्लासला दहावीच्या पोरांना टेन्सेस शिकवते, त्यावर पावसाळा काढायचा. अडचण अशी की मुलाखती नेमक्या जुलैत आणि मी तेव्हा हनोईत. खरं सांगू, या गोष्टीची भीती मला पहिल्या दिवशी फार वाटली, नंतर कमी होत गेली. ज्या नोकरीची ऑर्डर दरवर्षी नव्यानं निघते ती सांभाळायला घरी बसून राहायचं, हे माझ्याच्यानं आता होत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. हे सगळं पुण्यातल्या एका एजंटामार्फत आलंय. त्याला 'प्लेसमेंट फी' म्हणून साठ हजार हवेत, निम्मे आत्ता. परदेशात नोकरी लावणाऱ्या एजंटाची सरकारकडे नोंदणी लागते, ती यादी ई-मायग्रेटच्या पोर्टलवर असते. आणि नोंदणी असली तरी उमेदवाराकडून ३० हजार आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. मी यादी चाळली. या महाशयांचं नाव नाही. विचारलं तर म्हणाला, 'आम्ही कन्सल्टंट आहोत, एजंट नाही.' बरं.

त्याच्या पुढची गंमत म्हणजे व्हिसा. व्हिएतनामचा ई-व्हिसा आता नव्वद दिवसांचा मिळतो, तो काढायचा आणि जाऊन शिकवायला लागायचं, असं त्याचं म्हणणं. पण शिकवणं म्हणजे काम, आणि कामाला वर्क परमिट लागतं. ते सेंटरनं काढायचं. त्यासाठी माझ्या पदवीवर मुंबईला मंत्रालयाचा शिक्का, मग दिल्लीला परराष्ट्र खात्याचा, मग त्यांच्या दूतावासाचा, पोलीस क्लिअरन्स, वैद्यकीय तपासणी, शिवाय शिकवण्याचं प्रमाणपत्र. हे सगळं व्हायला दीड-दोन महिने गेलेच म्हणून समज, आणि उन्हाळी वर्ग तीन महिन्यांचा. म्हणून सगळे शॉर्टकट घेतात. 'मॅडम, काही होत नाही, सगळे असेच जातात.' काही होत नाही तोपर्यंत होत नाही गं. परमिटविना सापडलं तर विमानात बसवून परत पाठवतात, आणि पुढे कुठल्याही व्हिसाच्या अर्जात ते लिहीत बसा. त्यात पगार बुडवला तर तक्रार कुठल्या तोंडानं करणार?

आईची भीती मात्र निराळी. गेल्या महिन्यात हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून जास्त भारतीयांना थायलंडच्या मे सोतहून परत आणलं ना, म्यानमारमधल्या त्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर अडकलेल्यांना, ती बातमी तिनं टीव्हीवर बघितली. तेव्हापासून तिच्या लेखी थायलंड, म्यानमार, व्हिएतनाम एकच. 'नोकरी देतो म्हणून नेतात आणि पासपोर्ट काढून घेतात.' मी नकाशा दाखवला, सेंटरची इमारत गूगलवर दाखवली, मुलांचे फोटो दाखवले. ती म्हणाली, 'फोटो काय, कुणाचेही लावता येतात.' आता या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण ते बरोबर आहे.

एवढं सगळं असून मी अजून नाही का म्हणत नाही, तर त्या डेमोमुळे.

सेंटरच्या बाईंनी झूमवर पंधरा मिनिटं शिकवायला लावलं. तिकडे एका वर्गात सहा-सात वर्षांची पोरं पडद्यासमोर मांडी घालून बसलेली, बाजूला मदतनीस. विषय बाजारहाट. मी टोपलीत टोमॅटो, केळी, वांगं आणि तांदळाचा डबा घेऊन बसले होते. 'राइस' म्हणायला लावलं तर सगळी 'राय'. मग 'नाइफ' दाखवला तर 'नाय'. शेवटचं व्यंजन त्यांच्या जिभेवर राहतच नाही. आपल्याकडच्या पोरांचं 'इस्कूल' होतं तसं त्यांचं हे. मी शेवटच्या 'स'ला सापासारखा लांब आवाज काढला, पोरं खिदळली, आणि नादात माझ्या तोंडून निघून गेलं, 'हं, परत एकदा!' तर सगळी एका सुरात, 'पझत एकदा!' हनोईकडे 'र'चा 'झ' होतो हे मला नंतर कळलं. पुढची दहा मिनिटं शब्द कुठलाही असो, मागून 'पझत एकदा' आहेच.

डेमो झाल्यावर त्या बाईंनी शांतपणे सांगितलं की तुम्ही फार बोलता. पंधरा मिनिटांत पोरांच्या तोंडी किती इंग्रजी आलं ते मोजा. मला रागच आला आधी. मग रात्री झोप लागेना. शुभा, मी इथे वर्गात काय करते? वाक्य वाचते, मराठीत अर्थ सांगते, व्याकरण फळ्यावर लिहिते, पुढचं वाक्य. बी.एड.ला या भाषांतराच्या, म्हणजे भांडारकर पद्धतीचे तोटे दहा मार्कांना लिहिले आणि बाहेर पडून आयुष्यभर तीच वापरली. आपण पहिलीत गेलो त्याच वर्षी, २००० साली, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. बाई 'स्टँड अप' म्हणायच्या आणि लगेच 'उभे राहा'. आपण 'उभे राहा'ला उठायचो. माझी पोरंही 'उभे राहा'लाच उठतात. हनोईत माझ्याकडे हा आधार नसेल. मदतनीस शिस्तीसाठी आहे, भाषांतरासाठी नाही, हे त्या बाईंनी बजावून सांगितलंय. मला शिकवता येतं की नुसता अर्थ सांगता येतो, हे एकदा कळायला हवंय. पैसे, परदेश, फोटो हे सगळं त्याच्यानंतर.

एक चीडही आहे. जाहिराती वाचून बघ कधी. 'फक्त नेटिव्ह स्पीकर', आणि खाली ठरलेले सात देश: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. दक्षिण आफ्रिकेत घरात इंग्रजी बोलणारे दहा टक्क्यांच्या आतच आहेत! पण पासपोर्ट चालतो. याच सेंटरमध्ये अशा पासपोर्टवाल्यांना जास्त पगार आहे, हे त्या बाईंनी स्वतःहून सांगितलं. मला त्यांचा तो स्पष्टपणा आवडला, पगारातला फरक नाही आवडला.

जेवणाचं विचारशील म्हणून सांगते. माशाचा तो सॉस, नुक माम, त्यांच्या कशातही असतो, त्यामुळे बाहेर खाताना विचारून घ्यावं लागेल. पण चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला तिकडेही कितीतरी घरांत शाकाहार असतो. म्हणजे आज आईचा उपास आणि तिकडेही मांसमच्छी बंद. हे आईला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा तिनं 'असं का?' म्हणून विचारलं.

तर मी असं करायचं म्हणतेय. एजंटाला एक पैसा द्यायचा नाही. त्या बाईंना थेट मेल लिहायची: परमिट तुम्ही काढणार असाल तर मी जुलैत येते, उरलेला उन्हाळा आणि हवं तर पुढचं वर्षभरही शिकवते. ई-व्हिसावर मात्र येणार नाही. जमत नसेल तर राहिलं, विश्रामबागेतल्या दहावीवाल्यांना टेन्सेस आहेतच. त्यांना उत्तर ३० एप्रिलच्या आत हवंय, कारण त्या दिवसापासून त्यांच्या सुट्ट्या, यंदा युद्ध संपल्याला ५० वर्षं होतायत म्हणून मोठा सोहळा आहे. पदवीचे शिक्के मात्र आत्ताच मारून घेते, ते कुठेही कामाला येतील.

तुझ्याकडे एक काम आहे. सोबत कराराचा मसुदा पाठवतेय. तू रोज लोकांना असले करार सह्या करायला देतेस, तर जरा उलट बाजूनं वाच. कलम ७ मध्ये मुदतीआधी सोडलं तर दोन महिन्यांचा पगार कापणार असं आहे, आणि कलम ११ मध्ये 'संस्था सांगेल ती इतर कामे'. ही इतर कामं म्हणजे काय, हे विचारण्याची नीट भाषा मला सुचव. माझी भाषा भांडणाची होतेय. आणि आईचा फोन आला तर तुला यातलं काही माहीत नाही. ती करणार, तुझा नंबर तिनं काल माझ्याकडून मागून घेतलाय.

तुझी,
वैशू

ता. क. तुझा तो गुडघ्याखालपर्यंतचा निळा रेनकोट अजून आहे का? हनोईत जून ते ऑगस्ट धो धो पाऊस असतो म्हणे. लगेच नको, फक्त कुणाला देऊन टाकू नकोस.